पुन्हा म्हण

मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवशी कोसमटोल्यात कुणाच्या घरी किती पाहुणे उतरले हे विचारायचं नसतं, बघायचं असतं. देवाजींच्या घरी यंदा पाहुणा असा एकच, आणि तोही घरचाच पोरगा. पण त्याला बघायला सकाळपासून निम्मी वस्ती येऊन गेली होती. कुणाला चाळणी हवी होती, कुणाला विरजण. एक बाई तर विळा मागायला आली आणि विळा न घेताच गेली. अश्वजित अंगणातल्या खाटेवर बसून सगळ्यांना जयभीम घालत होता आणि आजची संध्याकाळ टाळायची काही सोय सापडते का ते मनातल्या मनात शोधत होता.

सोय सापडायची नव्हती, कारण ती बापूरावांनी शिल्लकच ठेवली नव्हती. बापूराव हे देवाजींचे धाकटे भाऊ आणि मंडई समितीचे उपाध्यक्ष. पुतण्याचा अल्बम मुंबईच्या एवढ्या मोठ्या कंपनीने काढला हे कळल्यापासून त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. वडशाला नाटक कंपनी ठरवायला गेले तेव्हाच त्यांनी पत्रकावर छापून आणलं होतं : नाटकाआधी दिवेलागणीला रंगमंचावर भव्य सत्कार, सत्कारमूर्ती आपल्या गावचे रॅपर टायगर ए.जे., हस्ते माननीय बाबूसाहेब. टायगर हे नाव कंपनीचं. चंद्रपूरकडचा म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. बाबूसाहेब म्हणजे गावच्या जुन्या मालगुजाराचा नातू. जमिनी गेल्या, मालगुजारी गेली, पण गावात कुठलंही फीत कापणं आजही त्या घराला चुकत नाही.

अल्बमचं नाव 'जंगल बोले'. वेष्टनावर अश्वजित उघड्या अंगाने उभा, गालावर पांढऱ्या-लाल रेघा, हातात धनुष्यबाण. हा मुलगा सावली या तालुक्याच्या गावी शाळेत शिकला, नागपूरच्या वसतिगृहात वाढला आणि बाण सोडायचा म्हटला तर आपल्याच पायात मारून घेईल. रान म्हणून मागे दिसत होतं ते मुंबईतलंच कुठलंसं उद्यान होतं. फोटोवाला "और जंगली, और जंगली" म्हणत गेला आणि हा डोळे वटारत गेला. अल्बम निघाल्यावर अहेरीकडच्या लालसूचा, वसतिगृहातल्या जुन्या मित्राचा, फोन आला होता. लालसू माडिया गोंड. तो एवढंच म्हणाला, "तू कवापासून आमचा झाला, बे?" आणि फोन ठेवला. अश्वजितने पुन्हा लावून बघितला नाही.

पण धनुष्यबाण हे त्याचं दुखणं नव्हतंच. त्याला लोक हसले असते, चार दिवसांनी विसरले असते. दुखणं होतं अल्बममधलं पाचवं गाणं. ते आजीच्या कानावर जाऊ नये एवढीच त्याची धडपड होती. आजीची, बायनाबाईंची, सत्तरी कधीच उलटली होती, पण कान अजून शाबूत होते. माइकवाल्या डोमाला गाठून तिसरं गाणं लावायला सांगायचं, पाचव्याचा विषयच निघू द्यायचा नाही, एवढा बेत करून तो खाटेवरून उठला आणि चपला शोधू लागला.

तेवढ्यात भोंगा बोलला.

आधी शिट्टी, मग "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग", मग ढोलाचे ठोके. डोमाने तिसरं कशाला लावावं? गावात न लागणाऱ्या नागपूरच्या रेडिओवर रोज वाजत होतं ते त्याने लावलं. भोंगा शाळेजवळच्या कडुनिंबाला बांधला होता आणि त्याचं तोंड वस्तीकडे होतं.

*वाढ वो माय, उरलं-सुरलं,*
*तुहं खळं भरलं, तुहं घर भरलं...*

बायनाबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. मान वर झाली नाही, नजर हलली नाही, फक्त बोटं तांदळात तशीच रुतून राहिली. भोंग्यातून त्यांचाच आवाज येत होता, थोडा कापरा, पण वरच्या सुरावर चढताना अजूनही लख्ख. दोन ओळी संपल्या की ढोल घुमायचे आणि अश्वजित हिंदीत 'मैं जंगल का बेटा' वगैरे सुरू करायचा.

देवाजी पंच्याने हात पुसत घरातून बाहेर आले. तीस वर्षं त्यांनी गावोगाव भीमगीतं गायली होती. आवाज ऐकून माणूस सांगत. ते उंबऱ्यातच थबकले.

"कोण गाऊन राह्यलं हे?" ते म्हणाले, आणि मग आईकडे बघत राहिले. "माय? तू?"

बायनाबाईंनी बोटं तांदळातून काढून घेतली.

"तू तं म्हणत होती, मले गळाच नाई म्हणून. मी लहानपणी किती मागं लागलो, एक तरी गाणं म्हण म्हणून. तू म्हणे, गळा तुह्या बापाले. मले नाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी आपल्याला ताटावरून उठवावं तसा तो आवाज होता, आणि अश्वजितला तो रागापेक्षा जड गेला. बापाला आयुष्यभर जे मिळालं नाही ते आपण नुसतं घेतलं नव्हतं, चव्हाट्यावर नेऊन वाजवलं होतं.

मागच्या दिवाळीची गोष्ट. घरचे सगळे सावलीच्या बाजाराला गेले होते, आजी-नातू दोघंच घरी होते. त्याने विचारलं, आजी, आधीच्या काळी कसं होतं? आजी बराच वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "आयक. आन आयकून विसरून जाय." आणि गायली. अश्वजितने ऐकलं. मांडीखाली घोंगडीत त्याचं छोटं रेकॉर्डर चालू होतं. ते त्याने तिला सांगितलं नव्हतं.

मुंबईत त्याची सगळी गाणी ऐकून कंपनीचे साहेब जांभया देत होते. हे दोन ओळींचं ऐकलं आणि ताठ बसले. ही बाई कोण, म्हणाले. इथे खरं सांगायला एक क्षण होता. मग कार्यालयातल्या मुलीने फॉर्म पुढे केला : मूळ गायिकेचं नाव आणि सही. नाव लिहिलं की सही आली, सही म्हटली की विचारणं आलं, आणि विचारलं की आजी नाही म्हणणार हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. त्याने पेन घेतलं आणि त्या चौकटीत लिहिलं, 'अज्ञात'. सुवाच्य अक्षरात. दहावीला त्याला अक्षराचं बक्षीस होतं.

भोंगा गप्प झाला आणि दारात मोटारसायकल थांबली. बापूराव उतरले ते हसतच.

"आयकलं का, दादा? पार नदीवरच्या बाया थांबून आयकत होत्या! संध्याकाळी हेच लावाचं. बाबूसाहेबानं खास सांगितलं हाय."

"ते मायनं गायलं हाय, बापू," देवाजी म्हणाले.

बापूरावांचं हसू अर्धंच राहिलं. "मायनं? आपल्या मायनं? अन् माय गाते कवापासून?"

आता बायनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पदराने हात पुसले. आणि कुणाकडेही न बघता बोलू लागल्या, जशा भाजी कशी करायची ते सुनेला सांगत.

"खळं उठलं का आमाले मालगुजाराच्या दारात जा लागे. टोपलं घेऊन. आत नाई, बाहेर, गोठ्याच्या बाजूनं. गाणं म्हणल्याशिवाय उष्टं वाढत नसत. माहा गळा चांगला, तं सासू मलेच म्होरं करे. मी म्हणो. तं आतून मालकीण म्हणे, पुन्हा म्हण. पाव्हण्या बाया आल्या हायेत, पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हणो. कधी चारदा, कधी पाचदा. मंग टोपल्यात भात पडे."

अश्वजितची थोरली बहीण नूतन, सावलीत मास्तरीण होती ती, दाराशी उभी होती. भावाच्या कौतुकाने तिने शाळेत पेढे वाटले होते.

"छप्पनच्या दसऱ्याले नागपूरले गेलो," बायनाबाई म्हणाल्या. "परत आल्यावर वैनगंगेत टोपलं सोडलं अन् तुमच्या बापाले म्हणलं, आता मी गात नाई. म्हणजे कोणतंच नाई. एक म्हणलं तं दुसरं तोंडात येईन, भेव वाटे. म्हणून तुलेही नाई म्हणून दाखवलं, देवा."

देवाजी खांबाला टेकून खाली बसले. बसता बसता त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांनी स्वतः हाताने अल्बमची डबी उभी करून ठेवली होती, महिनाभरापूर्वी; घरात ती वाजवायची सोय नव्हती. त्यांनी उठून ती उतरवली, पालथी केली आणि नूतनच्या हातात दिली.

"वाच वो," बायनाबाई नातीला म्हणाल्या. "माहं नाव कुठी हाय ते दाखव. मले बायनाबाई वाचता येते."

प्रौढांच्या वर्गात त्या तेवढं शिकल्या होत्या. नूतनने डबी उघडली, आतला कागद उलगडला. पाचव्या गाण्यापाशी तिचं बोट थांबलं. तिने भावाकडे पाहिलं आणि त्या नजरेतून पेढे केव्हाच संपले होते.

"'मूळ स्वर : गडचिरोलीच्या जंगलातील अज्ञात आदिवासी स्त्री'," तिने वाचलं.

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे, आजी... जिचं नाव कोणाले मालूम नाई अशी."

बायनाबाईंनी हे जरा चघळलं. मग सरळ अश्वजितकडे बघून विचारलं, "कोणं लिवलं हे?"

"कंपनीनं," अश्वजित म्हणाला.

तोंडातून शब्द असा पटकन आला की त्यालाच नवल वाटलं. 'आदिवासी' कंपनीने लिहिलं होतं, 'जंगल' कंपनीने लिहिलं होतं. एवढ्या दोन खऱ्यांच्या मधे एक खोटं सहज खपून गेलं. कान मात्र तापले. आजीने "बरं" म्हटलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मग भावाभावांची जुंपली. देवाजी म्हणाले, सत्कार रद्द. बापूराव म्हणाले, पत्रकं वाटून झाली, बाबूसाहेब चंद्रपूरहून निघाले, नाक कुणाचं कापलं जाईल? देवाजी म्हणाले, ज्याच्या दारात माह्या मायनं टोपलं धरलं त्याच्याच हातानं माह्या पोरानं शाल घ्याची काय? तेव्हा बापूरावांनी आवाज खाली आणला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले,

"दादा, पण कोणाले मालूम हाय आवाज कोणाचा? अज्ञातच तं लिवलं हाय. बरंच झालं म्हणतो मी. पोरानं डोकं चालवलं."

पाठीवर शाबासकी द्यावी तसे ते शब्द होते, पण अश्वजितला ते थपडेसारखे बसले. आपल्या बाजूने बोलणारं घरात एकच माणूस उरलं होतं आणि ते नेमकं हे बोलत होतं.

"काकाजी, नाव सांगून टाकाव स्टेजवर," नूतन म्हणाली. "त्यात आजीले कायची लाज? लाज तर तिच्याकून गाणं म्हणवून घेणाऱ्याइले वाटाव."

"तू शाळेत शिकव ते," बापूराव म्हणाले. "गावात राहाचं हाय आमाले."

"सत्कार कोण करते म्हणलं?" बायनाबाईंनी मधेच विचारलं.

"बाबूसाहेब, माय. मालगुजाराचा नातू."

"मंग मले तिथी याचं हाय," त्या म्हणाल्या. "ते पांढरं लुगडं काढ वो, नूतन."

दुपारभर अश्वजितने एकच काम केलं. शाळेजवळ जाऊन डोमाच्या हातापाया पडला. डोमा वडशाचा, वीस हंगाम नाटकांचे भोंगे बांधलेला माणूस. तो म्हणाला, "भाऊ, तिसरं कोणाले पाह्यजे? पब्लिक पाचवंच मागन." शेवटी कबूल झाला, तिसरं तर तिसरं. अश्वजितला जरा हायसं वाटलं. आजीला सगळं सांगावं, 'अज्ञात' कुणी लिहिलं ते सांगावं, असं त्याच्या मनात परतीच्या वाटेवर तीनदा आलं. घरी पोहोचला तेव्हा आजी पांढरं लुगडं नेसून, हातात गुंडाळलेली चटई घेऊन तयार बसली होती, आणि तो काहीच बोलला नाही.

दिवेलागण झाली. मंडईतली दुकानं उजळली : जिलेबीवाले, बांगड्यावाले, फुगे, पानठेले. मंडपात पुढे चटयांवर बाया, मागे खुर्च्यांवर पुरुष. बायनाबाई पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी नूतन. देवाजी आले नाहीत, असं अश्वजितला वाटलं. मग मागे बांबूला धरून उभे दिसले.

बाबूसाहेब माणूस वाईट नव्हता. गोरा, हसरा, तोंडात साखर. त्यांनी शाल घातली, नारळ दिला, आणि माइक हातात घेतला.

"तुमच्या गाण्याने मला माझ्या आजीची आठवण आली," ते म्हणाले. "ती सांगायची, आमच्या दारी सुगीला एक पोरगी यायची, असंच गाणं म्हणायची. काय गळा होता म्हणे! पाहुण्या बाया मुद्दाम थांबायच्या तिच्यासाठी. आमची आजी मरेपर्यंत तिची आठवण काढायची. आता तिचं नाव काय होतं, कोण जाणे! चला, डोमाभाऊ, तेच गाणं लावा बरं."

डोमाने अश्वजितकडे पाहिलं. अश्वजितच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता, पुढ्यात माइक होता. ते नाव समोर दोन हातांवर चटईवर बसलं होतं. सांगितलं तर सारं गाव आजीला टोपल्यासकट बघणार. नाही सांगितलं तर ती पुन्हा 'कोण जाणे'. त्याने तोंड उघडलं आणि नुसती मान खाली घातली. डोमाला ते होकारासारखं वाटलं असावं.

*वाढ वो माय, उरलं-सुरलं...*

बाया पोरांना दटावून ऐकू लागल्या, एवढं गोड होतं ते. दोन-तीन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या, मग बायनाबाईंकडे. गाणं संपलं आणि टाळ्यांचा, शिट्ट्यांचा पाऊस पडला. इकडचा, झाडीपट्टीतला प्रेक्षक आवडलं की ओरडतोच.

"वन्स मोर! वन्स मोर!"

"पुन्हा!" बाबूसाहेब हसत माइकमध्ये म्हणाले. "पुन्हा होऊन जाऊ द्या!"

बायनाबाई उठून उभ्या राहिल्या. नूतनने हात धरला तो त्यांनी सोडवला. त्या रंगमंचावर बसलेल्या बाबूसाहेबांकडे बघत होत्या आणि त्यांचा आवाज गाण्यातल्यासारखाच लख्ख होता.

"नाई म्हणत," त्या म्हणाल्या. "एकडाव म्हणलं. आता नाई म्हणत."

पहिल्या चार रांगांना ते ऐकू गेलं. बाया वळून बघू लागल्या. बाबूसाहेबांना काही कळलं नाही, ते तसेच हसत राहिले. डोमा पार कडेला यंत्रांमध्ये वाकला होता. त्याला 'पुन्हा' एवढंच ऐकू आलं होतं.

*वाढ वो माय...*

आजी ओठ घट्ट मिटून उभी होती आणि भोंग्यातली आजी गात होती. त्या दारात तिने पाच-पाचदा म्हटलं, पण म्हणणारी तीच होती. छप्पनला नाही म्हणाली आणि ते पन्नास वर्षं टिकलं. आता तिने हजार माणसांसमोर नाही म्हटलं होतं आणि कुणी थांबलं नाही. तिचं नाही म्हणणं आपण काढून घेतलं, हे अश्वजितला त्या क्षणी कळलं. लाजेने त्याच्या अंगाची नुसती आग झाली. नारळ टाकून त्याने रंगमंचावरून खाली उडी मारली, डोमाला ढकललं आणि हाताला येतील त्या वायरी उपटल्या.

भोंगा अर्ध्या शब्दावर बंद पडला. दिवेही गेले दोन-चार. बापूराव कुठूनतरी ओरडत होते. अश्वजित आजीसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात अजून वायर होती.

"आजी, कंपनीनं नाई," तो म्हणाला. "अज्ञात मी लिवलं. माह्या हातानं."

"मले मालूम हाय," बायनाबाई म्हणाल्या. "कंपनीनं मले कुठी पाह्यलं होतं?"

त्या खाली वाकून चटई गुंडाळू लागल्या. अश्वजित मदतीला वाकला, त्यांनी हात बाजूला केला. मंडपात कुजबुज सुरू झाली होती, पण भोंगा बंद होता, आणि क्षणभर त्याला वाटलं की निदान एवढं तरी आपल्याला जमलं.

मग मंडईच्या पलीकडच्या टोकाकडून, पानठेल्यावरून, बारीक आवाजात आलं : वाढ वो माय, उरलं-सुरलं. त्याच्यापुढच्या ठेल्यावरही तेच लागलं होतं, दोन ओळी मागे.

बायनाबाईंनी चटई काखेत धरली आणि कान देऊन ऐकलं.

"जाय," त्या नातवाला म्हणाल्या. "आता त्यालेही बंद कराले सांग. अन् त्याच्या म्होरच्याले."